आधी सेन्सिटिव्हिटी, मग वॅट: छोटे बुकशेल्फ स्पीकर घेताना

दुकानात बुकशेल्फ स्पीकर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॅटचे आहेत?" उत्तरही ठरलेलं, "शंभर वॅट, घर दणाणून सोडतील." पण आवाज किती मोठा येईल, हे त्या शंभरच्या आकड्यावरून कळतच नाही. ते सांगणारा आकडा खोक्यावर बराच खाली, बारीक अक्षरात असतो. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि तो डेसिबलमध्ये दिलेला असतो.

स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे तो किती ताकद सोसू शकतो. ॲम्पवर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, छापलेले वॅट म्हणजे तो किती ताकद देऊ शकतो. दिलेल्या ताकदीचा आवाज किती होतो, हे मात्र सेन्सिटिव्हिटीवर ठरतं. स्पीकरला २.८३ व्होल्ट द्यायचे आणि १ मीटरवर आवाज मोजायचा. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप) स्पीकरमध्ये २.८३ व्होल्टला बरोबर १ वॅट जातो, म्हणून हा विचित्र आकडा. गाडीच्या भाषेत, वॅट म्हणजे टाकी केवढी आणि सेन्सिटिव्हिटी म्हणजे गाडी ॲव्हरेज किती देते.

दोन्ही आकडे एकमेकांत बसवायला दोनच गोष्टी लक्षात ठेवा. आवाज ३ डेसिबलने वाढवायला वॅट दुप्पट लागतात, १० डेसिबलने वाढवायला दहापट. आणि १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प बदलून १०० वॅटचा आणला, तर पैसे बरेच जातात आणि हाती लागतात फक्त ३ डेसिबल.

आता १० बाय १२ ची खोली घेऊ. खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर, स्पीकर ८६ डेसिबल, ८ ओहमचे. अंतरामुळे खोलीत साधारण ५ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर एकत्र वाजल्यामुळे ३ मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅट दिला की खुर्चीत ८४ डेसिबल. घरात निवांत ऐकताना सरासरी ७५ पुरतात, त्यासाठी वॅटचा आठवा भागही खूप झाला. मग ॲम्प मोठा का लागतो? तबल्याच्या थापेसाठी. चांगल्या ध्वनिमुद्रणात थापेचं टोक सरासरीच्या १८ डेसिबल वर सहज जातं. ७५ च्या सरासरीला टोक ९३ वर, त्याला ८ वॅट हवेत. ८५ च्या दणदणीत सरासरीला टोक १०३ वर, त्याला ८० वॅट.

हाच हिशेब ८२ डेसिबलच्या स्पीकरला लावला तर ८ चे २० होतात आणि ८० चे २००. ९० डेसिबलच्या स्पीकरला तीन-साडेतीन आणि ३२ पुरतात. स्पीकरवरचे वॅट तिन्हींवर सारखेच छापलेले असू शकतात.

मग सगळ्यात जास्त सेन्सिटिव्हिटीचाच स्पीकर घ्यायचा का? नाही, आणि इथे बरेच जण फसतात. लहान डबा, खोल बास (अगदी खालचे स्वर) आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्हींपैकी दोनच एकत्र मिळतात, हे भौतिकशास्त्राचं बंधन आहे. एखाद्या छोट्या स्पीकरवर ९० च्या पुढचा आकडा दिसला, तर बास कुठपर्यंत उतरतो ते लगेच तपासा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. ८० हर्ट्झखाली ढासळणाऱ्या स्पीकरवर तानपुरा झंकारतो, पण त्याच्या खालची जमीन निघून जाते. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी बनवलेला एलएस३/५ए हा जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीचा स्पीकर. त्याची सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपासच आहे, पण मानवी आवाजासाठी लोक आजही तो जपून ठेवतात. कमी सेन्सिटिव्हिटी म्हणजे वाईट स्पीकर नव्हे, तर त्याला ॲम्प तगडा लागतो.

आकडे वाचताना ओहम सोडू नका. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याच २.८३ व्होल्टला १ नाही, २ वॅट जातात. म्हणून '८७ डेसिबल, २.८३ व्होल्ट' असं लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर वॅटमागे ८४ चाच असतो. काही कंपन्या भिंतींमुळे वाढलेला आवाज धरून 'खोलीतला' आकडा देतात, त्यातूनही ३ डेसिबल वजा करा.

वॅटचे आकडे तर याहून फुगलेले असतात. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या टोकाचा फुगवलेला आकडा, दिसलं की तो सोडूनच द्या, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट, विचारा. १० टक्के डिस्टॉर्शनवर, म्हणजे आवाज तेवढा बिघडू देऊन, मोजलेले वॅट स्वच्छ वॅटपेक्षा पाव हिश्शाने तरी जास्त असतात. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या छोट्या क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) ॲम्पसाठी सोपी पडताळणी आहे. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल, तर ॲडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्ट, ८ ओहम: ५७६ भागिले १६, म्हणजे जास्तीत जास्त ३६ वॅट. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर तेच ९ वॅट. खोक्यावर १०० लिहिलं असलं तरी तेवढेच.

"ॲम्प लहान असला की स्पीकर सुरक्षित" हाही गैरसमज. ॲम्पची ताकद संपली की लाटेचे माथे कापले जातात. थाप मोठी होत नाही, पण बाकीचा आवाज वाढत राहतो, शिवाय कापलेल्या माथ्यांतून तयार झालेले तीव्र स्वर ट्वीटरकडे, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, जातात. १०० वॅटच्या स्पीकरमधला ट्वीटर एकटा सतत काही वॅटच सोसतो, त्यामुळे त्याच्या आतली तारेची कॉइल जळते. थाप काठी आपटल्यासारखी कोरडी आणि 'स' बोचरा झाला की लगेच आवाज कमी करा. ट्वीटर गेलाय का, हे मागच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून कळत नाही. ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर मीटरचा डीसी (एकाच दिशेचा) प्रवाह अडवतो आणि मीटरवर फक्त वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, दिसतो. ट्वीटर खोलून, त्याची वायर सोडवून थेट त्याच्यावर मोजावं लागतं.

दुकानात दोन जोड्या शेजारी ऐकताना सेन्सिटिव्हिटी आणखी एक घोळ घालते. आवाजाची कळ तशीच ठेवून जोडी बदलली, तर जास्त सेन्सिटिव्हिटीची जोडी मोठी वाजते आणि मोठं वाजणारं कानाला चांगलं वाटतं. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप टाकून न्या. त्याचा आकडा अगदी अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो. पिंक नॉइज (सगळे स्वर एकत्र असलेला एकसारखा खळखळाट) लावा, फोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर धरा, पहिली जोडी ७५ वर आणा आणि ॲम्पच्या कळीची जागा लिहून ठेवा. दुसरी जोडीही ७५ वर आणा, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत हवा. मग तुम्हाला पाठ असलेली एकच चीज दोन्हींवर ऐका आणि जोडी बदलताना कळ दरवेळी लिहिलेल्या जागी न्या.