आरंभिक मध्ययुगीन लॅटिन धार्मिक काव्यातील दृष्टीची भाषा

इ. स. च्या चौथ्या शतकाच्या अखेरीपासून नवव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम युरोपात लॅटिनमध्ये विपुल ख्रिस्ती काव्य लिहिले गेले. त्यात प्रार्थनागीते, हुतात्म्यांची स्तवने, संतचरित्रे, चर्चच्या भिंतींवर लिहायचे श्लोक आणि अक्षरचित्रे असे प्रकार येतात. या काव्यात पाहणे, डोळा, प्रकाश आणि अंधार यांभोवती जी शब्दकळा घडली, तिचा विचार या नोंदीत केला आहे. काटेकोरपणे पाहिले तर या काळाचा आरंभीचा भाग प्राचीन युगाच्या शेवटात मोडतो. पण मध्ययुगातले कवी अँब्रोझ आणि प्रुडेन्शियस यांच्या ओळी पाठ करूनच वाढले, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते. या काव्यात पाहणारा एकटा माणूस नसतो. देव पाहतो, इमारतींना डोळे असतात, आणि पाहण्याने काहीतरी घडते. पाप गळते, दुखरे डोळे शांत होतात, भिंतीवरचे चित्र वाटसरूला रडवते. (पुढे लॅटिन शब्द चर्चमधील उच्चारानुसार दिले आहेत.)

आधी शब्द पाहू. ‘लूमेन’ म्हणजे उजेड, पण त्याचेच अनेकवचन ‘लूमिना’ कवितेत डोळ्यांसाठी येते. हा रोमन कवींचा जुना वारसा आहे. ‘आचिएस’ या एका शब्दात धार, सैन्याची फळी आणि नजर असे तीन अर्थ नांदतात. ‘चेर्नेरे’ म्हणजे पाहणे, पण मुळात चाळणे, निवडून वेगळे करणे. मराठीत ‘पारखणे’ त्याच्या जवळ जाते. ‘रेस्पिचेरे’ म्हणजे मागे वळून पाहणे आणि त्यावरून दया करणे. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे त्या काळी अनेक विद्वान मानत; ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीनही तसेच मानत असे. त्यामुळे डोळ्याला ‘उजेड’ म्हणणे हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ अलंकार नव्हता.

या भाषेला बायबलचा आधार होता. ‘ज्यांचे अंतःकरण शुद्ध, ते देवाला पाहतील’ हे ख्रिस्ताचे वचन आणि ‘आता आपण आरशात अंधुक पाहतो, तेव्हा समोरासमोर पाहू’ हे पौलाचे वाक्य प्रत्येक कवीच्या कानात होते. ऑगस्टीनने उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्याच्या बाराव्या भागात पाहण्याचे तीन प्रकार सांगितले. त्यासाठी त्याने घेतलेले उदाहरण फार साधे आहे. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर’ हे वाक्य वाचताना अक्षरे डोळ्यांनी दिसतात. समोर नसलेला शेजारी मनात चित्ररूपाने दिसतो. प्रेम मात्र कोणत्याही चित्रावाचून, केवळ बुद्धीला दिसते. पुढची चारशे वर्षे कवी या तीन पायऱ्यांवर चढ-उतर करत राहिले.

मिलानचा बिशप अँब्रोझ (मृत्यू 397) याचे पहाटेचे स्तोत्र ‘एतेर्ने रेरुम कोन्दितोर’ या भाषेचा मूळ नमुना मानायला हरकत नाही. त्यात कोंबडा आरवतो. अँब्रोझ त्याला ‘नोक्तुर्ना लुक्स वियान्तिबुस’, म्हणजे वाटसरूंचा रात्रीचा उजेड, म्हणतो. मिट्ट काळोखात वाट दिसत नसते, तेव्हा रात्र किती सरली हे फक्त आवाजावरून कळते. म्हणून आवाजच उजेड होतो. मग येशूचा शिष्य पेत्र याची आठवण येते. लूकच्या शुभवर्तमानात पेत्राने तिसऱ्यांदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटल्यावर कोंबडा आरवतो आणि प्रभू वळून पेत्राकडे पाहतो. तो एक शब्दही बोलत नाही. पेत्र बाहेर जाऊन धाय मोकलून रडतो. अँब्रोझ तीच नजर स्वतःसाठी मागतो: ‘येसू, लाबान्तेस रेस्पिचे, एत नोस विदेन्दो कोर्रिजे.’ येशू, आम्ही डळमळतो आहोत, वळून बघ. आणि बघूनच आम्हाला सुधार. ‘विदेन्दो’, म्हणजे ‘पाहण्याने’, या एका रूपात सगळे आले आहे. शिक्षा, उपदेश, दटावणी यांतले काहीच मागितलेले नाही. नजर हेच साधन आहे. पुढच्या ओळीत तो म्हणतो, तू वळून पाहिलेस की आमचे दोष गळून पडतात आणि अश्रूंनी अपराध धुतला जातो. मराठीत आपण ‘कृपादृष्टी’ म्हणतो, पण वापरून वापरून तो शब्द गुळगुळीत झाला आहे. अँब्रोझच्या ओळीत त्याची धार जशीच्या तशी आहे.

स्पेनचा कवी प्रुडेन्शियस (जन्म 348) याच्या पहाटगीतात हीच नजर वेगळ्या चेहऱ्याने येते. रात्र, अंधार आणि ढग यांना तो सरळ हुकूम देतो: प्रकाश आत येतो आहे, आकाश पांढरे होते आहे, ख्रिस्त येतो आहे, चालते व्हा. सूर्याचा बाण लागून पृथ्वीवरचा काळोख फाटतो, ‘रेबुस्क्वे याम कोलोर रेदित’, वस्तूंना त्यांचा रंग परत मिळतो. पहाटे उठणाऱ्या कोणालाही ही ओळ खरी वाटेल. अंगण, झाड, कपडा आधी नुसते आकार असतात आणि मग हळूहळू रंग चढतो. पण प्रुडेन्शियसला रंगाबरोबर भीतीही आठवते. अंधाराच्या आडोशाने काम करणारा चोर जसा उजेडात उघडा पडतो, तसे कपटी मनही उघडे पडणार. स्तोत्राच्या शेवटाकडे ‘स्पेकुलातोर’ येतो. हा वर उभा असलेला पहारेकरी पहिल्या प्रकाशापासून संध्याकाळपर्यंत आपले प्रत्येक कृत्य न्याहाळत असतो. अँब्रोझकडे जी नजर पाझरते, ती इथे पहारा देते. दोन्ही ओळी पुढे मठांच्या दैनंदिन प्रार्थनेत शिरल्या.

पाचव्या शतकातील सेड्युलियसने पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांबद्दल लिहिले: ‘लूमेन रेक्विरुन्त लूमिने’, ते उजेडाने उजेड शोधतात. ताऱ्याच्या उजेडाने ते ख्रिस्त नावाच्या उजेडाकडे जातात. तीन शब्दांत इतके सांगणारी दुसरी ओळ या काळात मला आठवत नाही.

देवाने माणसाकडे पाहणे हा एक भाग झाला; माणसाने चित्राकडे पाहणे हा दुसरा. रोमला जाताना प्रुडेन्शियस आजच्या इमोला गावी हुतात्मा कॅसियनच्या थडग्याशी आडवा होऊन आपल्या पापांसाठी रडतो. मान वर करतो तर समोर रंगवलेले चित्र. कॅसियन हा शिक्षक होता. त्याच्या विद्यार्थ्यांनीच त्याला मारले. चित्रात असंख्य मुले त्याच्याभोवती आहेत आणि मेणाच्या पाट्यांवर लिहायच्या टोकदार लेखण्या त्याच्या अंगात खुपसत आहेत. कातडीवर बारीक बारीक टोचे पडले आहेत. देवळाचा राखणदार कवीला सांगतो की ही म्हाताऱ्या बायांची भाकडकथा नव्हे. जे पुस्तकांत लिहिले आहे, तेच चित्र सांगते. लिहिण्याचे साधनच इथे मारण्याचे साधन झाले आहे, आणि ते पाहून कवी आपली लेखणी उचलतो. त्याच सुमारास इटलीत नोला येथे पॉलिनसने संत फेलिक्सच्या स्थानी चित्रे रंगवून त्यांवर श्लोक लिहवले. उत्सवाला आलेल्या, खाण्यापिण्यात रमणाऱ्या खेडुतांचे डोळे तरी गुंतून राहावेत, असे कारण त्याने आपल्या कवितेत दिले आहे. पुढे इ. स. 600 मध्ये पोप ग्रेगरीने मार्सेच्या बिशपला कळवले की वाचणाऱ्याला जसा धर्मग्रंथ, तसे न वाचणाऱ्याला चित्र. या वाक्याचा हवाला पुढे पुष्कळांनी दिला. पॉलिनसच्या कवितेत हा विचार दोनशे वर्षे आधी आलेला आहे.

वेनान्शियस फॉर्च्युनेटसच्या (सहावे शतक) बाबतीत डोळा हा प्रत्यक्ष आयुष्याचा प्रश्न होता. उत्तर इटलीत जन्मलेला हा कवी रावेन्नात शिकत असताना डोळ्यांच्या विकाराने हैराण झाला. तिथल्या एका चर्चमध्ये संत मार्टिनचे भित्तिचित्र होते. चित्राच्या पायाशी भिंतीत एक कोनाडा आणि त्यात दिवा. काचेच्या पात्रात ‘नातात इग्निस’, आग पोहते, असे तो लिहितो. त्या दिव्याचे तेल डोळ्यांना लावताच जळजळ थांबली. मार्टिनच्या चार खंडांच्या पद्यचरित्राच्या शेवटी त्याने हे सांगितले आहे. पाहण्याच्या सगळ्या सामग्रीची अशी एकत्र भेट विरळाच: भिंतीवर चित्र, खाली प्रकाश, आणि त्याच प्रकाशाचे तेल पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

याच कवीने पॅरिसमधील चर्चबद्दल लिहिताना एक विलक्षण विशेषण वापरले. ती इमारत ‘विट्रेइस ओकुलाता फेनेस्ट्रिस’, काचेच्या खिडक्यांनी डोळस, आहे. ती सूर्याचे किरण झेलते आणि कारागिराच्या हातांनी दिवसालाच आत कोंडून ठेवते. पुढे तो म्हणतो, छत सूर्यावाचूनही आपल्याच किरणांनी चमकते. इंग्लंडमध्ये ऑल्डहेल्मनेही (मृत्यू 709) चर्चच्या काचांतून शिरणाऱ्या उन्हाचे वर्णन केले आहे. उत्तरेकडच्या ढगाळ देशात, जिथे काच दुर्मीळ होती, तिथे अशा ओळी ऐकणाऱ्याला काय वाटत असेल याची कल्पना करावी. 569 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने राणी राडेगुंडला पुआतिए येथे पवित्र क्रुसाचा अवशेष पाठवला. ‘वेक्सिल्ला रेजिस’ हे फॉर्च्युनेटसचे स्तोत्र त्या प्रसंगाशी जोडले जाते. त्यात ‘फुल्जेत क्रुचिस मिस्तेरियुम’, क्रुसाचे रहस्य झळकते. रहस्य म्हणजे झाकलेली गोष्ट, आणि तीच झळकते! हा विरोध कवीने मुद्दाम सोडवलेला नाही.

चमकणे दाखवणारी ‘फुल्जेत’, ‘मिकात’, ‘रादियात’ ही क्रियापदे रोमच्या मोझेइकवरील, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या भित्तिचित्रांवरील, श्लोकांतही पुन्हा पुन्हा येतात. संत कॉस्मास व डॅमियन यांच्या चर्चमध्ये पोप चौथा फेलिक्स (526–530) याने लिहवलेले श्लोक म्हणतात की देवाचे घर तेजस्वी तुकड्यांनी सुंदर झळकते, पण त्यात श्रद्धेचा मौल्यवान प्रकाश अधिक चमकतो. सोने दाखवायचे आणि लगेच त्याच्या पलीकडे बोट करायचे, ही या श्लोकांची ठरलेली चाल आहे.

फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दरबारातील थिओडल्फने चित्रपूजेविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. तरी लुआर नदीजवळ जेर्मिन्यी-दे-प्रे येथे त्याने बांधवलेल्या प्रार्थनागृहात, इ. स. 806 च्या सुमारास, मोझेइक केले. त्यात ख्रिस्ताची आकृती नाही. देवाच्या कराराचा कोश (बायबलमधील पवित्र पेटी) आणि देवदूत आहेत. खालच्या चार ओळींत पाहण्याची तीन क्रियापदे आहेत. ‘आस्पिचे स्पेक्तान्स’, म्हणजे पाहणाऱ्या, इकडे नजर टाक. आणि ‘चेर्नेन्स’, हे पारखून पाहत असताना प्रार्थनेत थिओडल्फचेही नाव जोड. बघ्याला तो पायरी-पायरीने भक्त बनवतो. चित्रांवर इतका अविश्वास असलेल्या माणसाने एवढ्या काळजीने पाहायला शिकवावे, यात मला विसंगती दिसत नाही. अविश्वास होता म्हणूनच काळजी होती.

जर्मनीतील रायखेनाऊ मठातील भिक्षू वेट्टीने 824 मध्ये मृत्यूपूर्वी परलोकाचे दर्शन घेतले. तरुण वालाफ्रीडने 827 च्या सुमारास ते पद्यात आणले. ‘स्ट्राबो’, म्हणजे तिरळा, हे त्याचे टोपणनाव त्याने स्वतःच मिरवले. वेट्टीला परलोकात एक राजा यातना भोगताना दिसतो. कवितेत त्याचे नाव कुठेच उच्चारलेले नाही. मात्र त्या ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचली की ‘कारोलुस इम्पेरातोर’, सम्राट शार्लमेन, हे शब्द उमटतात. नुसते ऐकणाऱ्याला ते कळत नाहीत. पान पाहणाऱ्यालाच कळतात.

अक्षर असे डोळ्यांसाठी मांडण्याची परंपरा जुनी होती. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात कवी ओप्टाशियानुसने आणि नंतर फॉर्च्युनेटसने तशा रचना केल्या होत्या. वालाफ्रीडचे फुल्डा मठातील गुरू हराबानस माउरस (मृत्यू 856) यांनी 810 च्या सुमारास क्रुसाच्या स्तुतीत 28 अक्षरचित्रे रचून ती शिखराला नेली. प्रत्येक पान म्हणजे अक्षरांची जाळी. आडवे वाचले की एक कविता. आणि जाळीवर रंगवलेल्या आकृतीच्या आतली अक्षरे जोडली की दुसरी. पहिल्या पानावर हात पसरलेला ख्रिस्त आहे आणि त्याच्या देहावरून श्लोक वाहतात. याच हराबानसने हाट्टो या सहकाऱ्याला एका कवितेत लिहिले की चित्रातल्या पोकळ आकारापेक्षा अक्षर अधिक मोलाचे आहे. त्याच्या पानांत चित्र अक्षरांचेच बनलेले आहे, म्हणून दोन्ही गोष्टी त्याला एकाच हाताने सांभाळता आल्या.

अठ्ठाविसाव्या पानावर वर क्रूस आहे, आणि त्यातली ओळ सुरुवातीकडून व शेवटाकडून सारखीच वाचली जाते. खाली एक भिक्षू गुडघे टेकून, हात उचलून बसला आहे. तो हराबानस स्वतः. त्याच्या शरीराच्या आकृतीत सापडलेली अक्षरे जोडली की विनवणी होते: दयाळू ख्रिस्ता, न्यायाच्या वेळी या हराबानसला ‘तुएरे’. या लॅटिन क्रियापदाचे अर्थ दोन आहेत, राखणे आणि पाहणे.