लिनक्सवर एन्क्रिप्टेड शेअर माउंट का अडतो, त्यामागचा इतिहास

लिनक्स सर्व्हरवर एन्क्रिप्टेड शेअर (दुसऱ्या मशीनवरचं, सांकेतिक रूपात वाहणारं सामायिक फोल्डर) माउंट करायला, म्हणजे आपल्या मशीनला जोडायला गेलं की 'माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन' येतं आणि पिंग केलं तर होस्ट, म्हणजे शेअर ज्यावर आहे ते मशीन, व्यवस्थित चालू असतं. मग माणूस फायरवॉल बघतो, ४४५ पोर्ट बघतो, पासवर्ड बदलून बघतो, आणि कारण बऱ्याचदा यातलं काहीच नसतं, ते २०१७ सालात दडलेलं असतं.

असे शेअर ज्या प्रोटोकॉलवर चालतात तो एसएमबी, तो १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉमने बनवला, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला आणि १९९६ मध्ये त्याला सीआयएफएस नाव दिलं, जे लिनक्सच्या माउंट कमांडला अजून चिकटलेलं आहे. इतकी वर्षं फाइल्स वायरवरून उघड्याच जायच्या. प्रोटोकॉलमध्ये एन्क्रिप्शन आलं ते थेट २०१२ मध्ये, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ सोबतच्या एसएमबी ३.० मध्ये.

लिनक्स क्लायंटला एसएमबी ३ बोलता यायला लागलं तरी एन्क्रिप्शन मात्र जमत नव्हतं, ते आलं कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.११ मध्ये, एप्रिल २०१७ अखेरीस. त्यामुळे अझ्युर फाइल्ससारखा (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधला) शेअर त्याच रीजनमधल्या मशीनवरून माउंट व्हायचा पण बाहेरून तीच कमांड दिली की एरर १३, परमिशन डिनाइड. परमिशनचा काही संबंधच नाही, सर्व्हरला एन्क्रिप्टेड कनेक्शन हवं असतं आणि क्लायंटकडे ते नसतं. ही चुकीची दिशा दाखवणारी एरर मला सगळ्यात जास्त खटकते, लोकांचे दिवस वाया जातात हो यात.

लगेच मे २०१७ मध्ये फाइल्स अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला, त्याने एसएमबी १ या जुन्या व्हर्जनचीच भेग वापरली, मग सगळीकडे एसएमबी १ बंद करायची घाई झाली. पण लिनक्स तोवर व्हर्जन न सांगता माउंट केलं तर एसएमबी १ नेच बोलायचा! सर्व्हर दार लावून घ्यायचा आणि स्क्रीनवर होस्ट इज डाउन. सप्टेंबरमध्ये ४.१३ ने डिफॉल्ट बदलला, तर आता उलटं झालं, फक्त एसएमबी १ येणाऱ्या जुन्या नॅस (नेटवर्कवरच्या स्टोरेज) पेट्या माउंट होईनात, आणि एरर बरेचदा तीच.

त्यात रेड हॅट, उबुंटूसारख्या काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या तयार पॅकेजेसनी) एन्क्रिप्शनचा नवा कोड जुन्या कर्नलमध्येही आणून बसवला, त्यामुळे नुसता कर्नलचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. माउंटमध्ये व्हर्जन ३.० किंवा ३.१.१ स्पष्ट लिहा, सोबत एन्क्रिप्शन मागणारा 'सील' ऑप्शन द्या, आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, वाचा, खरं कारण माउंट कमांडपेक्षा तिथे सापडायची शक्यता जास्त.

एनएफएस (फाइल शेअरिंगचा दुसरा प्रोटोकॉल) वाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडे कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेचं एन्क्रिप्शन, केआरबी५पी, बरंच आधीपासून होतं पण सेटअप किचकट, टीएलएसचा (वेबसाइट्स वापरतात त्याच एन्क्रिप्शनचा) पर्याय लिनक्समध्ये २०२३ ला आला, आणि तिथे टीएलएसएचडी ही सर्व्हिस दोन्ही बाजूंना चालू नसेल तर माउंट होत नाही.