पोरगं टिकणार का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत नवा माणूस ठेवताना शिक्षणाआधी एक गोष्ट विचारली जाते: पोरगं टिकणार का? मोल्डिंगवरचा मिस्त्री त्याला चिकाटीचा, कामचुकार, तापट, डोक्याने थंड असल्या शब्दांत तोलतो. स्वभावाचं मानसशास्त्रही अशा शब्दांतूनच उभं राहिलं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी प्रश्नावली केली, पण तिचा रोख मानसिक आजार हेरण्यावर होता. पुढे 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द काढले. माणसांत जे फरक महत्त्वाचे, त्यांना भाषेत नाव पडतंच, हा त्यामागचा विचार. कॅटेल यांनी ती यादी छाटत नेली आणि 1961 मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या ट्यूप्स व ख्रिस्टल यांच्या हाती पाचच गठ्ठे उरले. आज त्यांना बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ म्हणतात. (मराठी नावं अजून पक्की बसलेली नाहीत.)

मग माशी शिंकली. 1965 मध्ये मानसशास्त्रज्ञ गायन आणि गॉटियर यांनी स्वभाव मोजणाऱ्या चाचण्यांवरचे तोवरचे अभ्यास तपासले आणि अशा चाचण्यांवर नोकरी ठरवावी असं म्हणायला आधार नाही, असा निष्कर्ष काढला. विषय पंचवीसेक वर्षं मागे पडला.

1991 मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी 117 अभ्यास एकत्र केले. पोलीस, विक्रेते, व्यवस्थापक, कुशल कामगार, सगळीकडे कामाशी नातं सांगणारा गुण एकच निघाला, कर्तव्यदक्षता. सहसंबंध (दोन गोष्टींचं नातं मोजणारा आकडा; 0 म्हणजे काहीच नातं नाही, 1 म्हणजे पूर्ण) मात्र 0.2 च्या आसपास, म्हणजे कामातल्या फरकाचा जेमतेम चार-पाच टक्के उलगडा. चाचणी विकणारे हा आकडा सहसा सांगत नाहीत.

समाधानाचं गणित वेगळं. 2002 मध्ये जज आणि सहकाऱ्यांना कामावरच्या समाधानाशी सर्वांत घट्ट नातं भावनिक अस्थिरतेचं दिसलं, तेही उलटं: उणे 0.29. सतत धास्तावलेला माणूस चांगल्या जागीही कुरकुरतो. भट्टीजवळच्या उकाड्याचा आणि पगाराचा वाटा अर्थात वेगळा.

पण फॉर्म उमेदवारच भरतो, आणि ‘मी आळशी आहे’ असं कोण लिहील? 2010 मध्ये कॉनेली आणि ओनेस यांनी दाखवलं, की स्वतःच्या उत्तरांपेक्षा ओळखीच्या माणसांनी केलेलं मूल्यमापन कामाचा अंदाज जास्त चांगला देतं. उद्यमनगरातला मालक अजूनही जुन्या मालकाला फोन लावतो.