तीन डॅशांच्या आड

ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये नीटनेटकं दिसणारं एखादं टिपण साध्या नोटपॅडमध्ये उघडलं, की सगळ्यात वर तीन डॅश दिसतात. त्याखाली तारीख, टॅग, टोपणनावं; मग पुन्हा तीन डॅश, आणि त्यानंतर कुठे आपला मजकूर सुरू होतो. ही वरची पट्टी लिहिणाऱ्याला दाखवायची की झाकायची, यावर टिपणांच्या ॲपांचे चाहते हमरीतुमरीवर येतात. वाद मात्र या ॲपांहून बराच जुना आहे.

१९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकात ईमेलची घडण अशी आहे: वर 'फ्रॉम', 'टू', 'सब्जेक्ट', 'डेट' वगैरे ओळी, मग एक कोरी ओळ, मग पत्र. सगळं एकाच साध्या मजकुरात. पत्र कोणकोणत्या सर्व्हरवरून फिरत आलं याच्याही ओळी त्यातच असतात, पण मेल वाचताना त्या दिसत नाहीत. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबलं की सगळा पसारा समोर येतो. झाकलंय, पण हाताशी आहे.

ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये वेगळी वाट धरली. फाइलचे दोन भाग केले: एकात मजकूर, दुसऱ्यात चिन्हं वगैरे सामान. शिवाय फाइल कोणत्या प्रकारची आणि कोणत्या प्रोग्रॅमची, हे सांगणारे चार-चार अक्षरांचे संकेत बाजूला ठेवले. मॅकपुरतं हे झकास चाले. फाइल मॅकबाहेर पडली की सामान गळून पडे. त्याचं भूत अजून भेटतं. मॅकवरून पेनड्राइव्हवर घेतलेल्या फाइली विंडोजवर उघडा, शेजारी टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी जुळी भावंडं बसलेली सापडतील. ती पाहून 'व्हायरस आला' म्हणणारी माणसं मला छपाईच्या दुकानात भेटली आहेत.

न दिसणारं सामान गळून पडलं नाही, तर त्याचाही ताप होतो. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकवरचा एक अहवाल वर्ड फाइलमध्ये प्रसिद्ध केला. फाइलच्या पोटात आधीच्या दुरुस्त्यांची नोंद तशीच राहिली होती, आणि त्यावर हात फिरवलेल्या अधिकाऱ्यांची नावं जगजाहीर झाली.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन ही साध्या मजकुरात मथळे, याद्या वगैरे खुणांनी लिहायची पद्धत आणली, तेव्हा त्यात मेटाडेटासाठी, म्हणजे मजकुराविषयीच्या माहितीसाठी, जागाच नव्हती. तीन डॅशांची पट्टी रुजवली टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या जेकिलने, म्हणजे अशा फाइलींपासून वेबसाइट बनवणाऱ्या साधनाने, २००८ मध्ये; ती लिहायची यॅमल या आधीपासूनच्या 'नाव: किंमत' अशा पद्धतीत. तारीख फाइलीतच लिहिण्याला सबळ कारण होतं: फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हे साधन फाइलीची तारीख जपतच नाही, नवी प्रत उतरवली की सगळ्या फाइली आज जन्मलेल्या दिसतात. जेकिल वापरणारे प्रोग्रॅमर होते. पट्टी झाकावी असं त्यांच्या मनातही आलं नसेल. यॅमलच्या जुन्या आवृत्तीत नॉर्वेचा 'एनओ' हा देशसंकेत 'नाही' असा वाचला जाई, तेही त्यांनी निभावून नेलं. पण तीच पट्टी स्वयंपाकाच्या पाककृती आणि वाचनाच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या वाट्याला आली, आणि एखादा कोलन चुकला की सगळं बिघडू लागलं.

मला सगळ्यात शहाणा वाटतो तो ऑर्ग-मोड या ईमॅक्स संपादकातल्या टिपणांच्या साधनाचा तोडगा. ॲमस्टरडॅममधले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या साधनात पुढे 'ड्रॉवर' आले. गुणधर्म मथळ्याखालच्या खणात राहतात, खण मिटलेला असतो, पण त्याची मूठ पडद्यावर दिसते. टॅब दाबला की उघडतो. लॉगसेक या टिपणांच्या ॲपने अशी मूठ ठेवली नाही. एका मुद्द्याचा दुसरीकडे संदर्भ दिला की फाइलीत लांबलचक ओळख क्रमांकाची ओळ येते, आणि ॲपमध्ये मात्र ती दिसत नाही.

ऑब्सिडियनच्या १.४ आवृत्तीत, २०२३ मध्ये, 'प्रॉपर्टीज' आल्या: यॅमलच्या जागी रकाने, तारखेला कॅलेंडर. सेटिंगमध्ये तीन पर्याय आहेत: दाखवा, झाका, किंवा मूळ यॅमल. न छेडता पहिलाच लागू असतो, हे बरं केलं. 'झाका' निवडलं तर टिपणात मूठही उरत नाही. मग सहा महिन्यांनी तुम्ही मीटिंगचं टिपण क्लायंटला जसंच्या तसं पाठवता, आणि तो ते नोटपॅडमध्ये उघडून तिसऱ्या ओळीवर 'टॅग: कटकट्या-क्लायंट' वाचतो.