पार्श्वभूमी : डेव्हनच्या किनाऱ्यावरची लेस आणि आठवड्याची सुट्टी

समुद्राकाठच्या एखाद्या हॉटेलात पाच-सहा दिवस मुक्काम करायचा, सकाळी उशी पुढ्यात घेऊन बॉबिनची लेस शिकायची, दुपारी कड्यावरून फिरून यायचं आणि रात्री जेवणानंतर दिव्याखाली पुन्हा टाचण्या टोचत बसायचं, असा निवासी सुट्टीचा एक प्रकार इंग्लंडात रुळलेला आहे. तो बऱ्याच ठिकाणी आढळतो. इथे नैर्ऋत्य इंग्लंडातल्या डेव्हन परगण्याच्या पूर्व भागाचा किनारा घेतला आहे, कारण हॉनिटन नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेसचं ते माहेर. आपल्याकडे लेस म्हटलं की क्रोशाची किंवा परकराला लावायची विकतची फीत आठवते. ही लेस त्या दोन्हींपेक्षा वेगळी. कडक उशीवर टोचून तयार केलेला नमुना ठेवायचा, त्यावर टाचण्या रोवायच्या आणि त्यांच्याभोवती बॉबिनवरचे, म्हणजे छोट्या काड्यांवर गुंडाळलेले, बारीक धागे एकमेकांवरून फिरवत कापड घडवायचं, अशी तिची रीत.

जुना इतिहास थोडक्यात असा. फ्लँडर्समधून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातून, धर्मछळाला कंटाळून आलेल्या निर्वासितांनी ही कला आणली, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. पुरावा म्हणून दाखवता येतो तो हॉनिटनच्या चर्चच्या आवारातला १६१७ सालचा थडग्याचा दगड. त्यावर मृताचा व्यवसाय लेसविक्रेता असा कोरलेला आहे आणि गावच्या गरिबांसाठी त्याने १०० पौंड ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे तोवर या धंद्यात पैसा खेळू लागला होता. १६९८ साली परदेशी लेसवरची आयातबंदी उठू नये म्हणून संसदेपुढे अर्ज गेला, त्यात एकट्या हॉनिटनमध्ये १,३४१ जण लेसवर पोट भरतात असं म्हटलं आहे. अर्जदारांनी आकडा थोडा फुगवला असेल, पण बिअर, ब्रॅन्सकम, सीटन, सिडमथ, कोलिटन या किनाऱ्याच्या आणि लगतच्या गावांत घरोघरी उशी होती यात शंका नाही. लंडनची घोडागाडी हॉनिटनहून सुटायची, म्हणून माल त्या नावाने विकला गेला. बिअरच्या कोळणींचं नाव मागे पडलं ते तेव्हापासून.

आजची सुट्टी समजून घ्यायची तर खरा थांबा १८२०च्या दशकात आहे.

त्याआधी या लेसचे दोन भाग असत. फुलं-पानं वेगळी विणायची, आणि ती ज्या पारदर्शक जाळीवर बसायची ती जाळीही बॉबिननेच, हातानेच करायची. जाळीचं काम संथ, धागा महागडा आणि मजुरी त्या मानाने बरी. जाळीची किंमत ठरवायला तिच्यावर शिलिंगची नाणी पसरत आणि जेवढी मावतील तेवढी विणणारीला देत, असं या भागात परंपरेने सांगतात. १८०९ साली हुबेहूब तशी जाळी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट निघालं. यंत्र मोडणाऱ्या कामगारांच्या हल्ल्यानंतर कारखानदाराने इंग्लंडच्या मध्य भागातला गाशा गुंडाळला आणि १८१६ साली टिव्हर्टनमध्ये, म्हणजे डेव्हनमध्येच, बस्तान बसवलं. १८२३ साली पेटंटची मुदत संपली, जो तो जाळी काढू लागला आणि भाव कोसळले.

इथे लेसच्या व्यापाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. सगळी लेस हाताचीच ठेवायची आणि मूठभर गिऱ्हाइकांवर जगायचं, किंवा फुलं-पानं हाताची ठेवून जाळी कारखान्याची घ्यायची. त्यांनी दुसरी वाट धरली. यात कारागिरांचं मत कुणी विचारल्याचं दिसत नाही. जाळी विणणारीचं काम गेलं. उरलेलं काम तुकड्यांत वाटलं गेलं. एक बाई वर्षानुवर्षं एकाच जातीचं पान विणणार, दुसरी गुलाब, तिसरी ते जाळीवर टाकणार. पूर्ण ओढणी कशी दिसते हे पान विणणारीला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मजुरी पैशाऐवजी चहा, पाव, कापड अशा मालात देण्याची पद्धत १८३१च्या कायद्याने बंद झाली. पण व्यापाऱ्याचंच दुकान आणि व्यापाऱ्याचंच काम असलेल्या खेड्यात कायदा कागदावर राहिला.

या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. यंत्राची जाळी आली तिथे अस्सल हॉनिटन संपली, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, जाळी घेतली म्हणूनच धंदा आणखी काही दशकं तगला. यात व्हिक्टोरिया राणीच्या लग्नातली लेस फार अडचणीची ठरते. १८४० साली तिने परदेशी लेस नाकारून डेव्हनची लेस वापरली, हे प्रत्येक माहितीपत्रकात असतं. ते काम १८३९च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत चाललं, खर्च सुमारे १,००० पौंड, विणणाऱ्या सुमारे २००, आणि काम मुख्यतः झालं ते बिअर गावात. देखरेख केली ती बिअरमध्येच जन्मलेल्या आणि पुढे लंडनला स्थायिक झालेल्या एका बाईने. दुसऱ्या कुणी तसंच काही करून घेऊ नये म्हणून नमुने नष्ट केले गेले. आणि ती सगळी फुलं-पानं बसवली होती यंत्राच्या जाळीवर! इंग्रजी हस्तकौशल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण निम्मं कारखान्याचं आहे. ‘अस्सल’चा कडक निकष लावला तर राणीची ओढणीसुद्धा बाद होते, हे त्या निकषाचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान मान्य करावं.

माझ्या मते तो निर्णय विणणारीच्या दृष्टीने वाईटच होता. पण तुकड्यांत वाटलेलं काम हीच आजच्या आठवड्याच्या सुट्टीची सोय झाली. बकिंगहॅमशर या दुसऱ्या परगण्याच्या लेसची किनार शिकायची तर बॉबिनच्या बऱ्याच जोड्या एकदम सांभाळाव्या लागतात, आणि फीत लांबच लांब चालू राहते. हॉनिटनचं एक पान त्यापेक्षा थोड्या जोड्यांत सुरू होतं आणि पाच दिवसांत संपतं. शुक्रवारी सगळ्या टाचण्या काढल्या की तळहातावर पूर्ण झालेली वस्तू असते. व्यापाऱ्याने खर्च वाचवण्यासाठी केलेली वाटणी शिकवणारीला आयता अभ्यासक्रम देऊन गेली.

राणीच्या लग्नानंतर मागणी वाढली आणि दर्जा घसरला. त्या काळचे ओबडधोबड नमुने ‘टर्कीच्या शेपट्या’, ‘तळणीचे तवे’ आणि ‘बैलाची काळजं’ या नावांनी बदनाम झाले. पाच-सहा वर्षांच्या मुलींना उशीपुढे बसवणाऱ्या लेस-शाळा १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर मोडकळीला आल्या आणि १८८० साली हजेरी सक्तीची झाल्यावर संपल्या. ज्या वयात बोटं वळतात त्या वयाच्या मुली खऱ्या शाळेत गेल्या, हे चांगलंच झालं. धंद्याला मात्र पुढची पिढी मिळाली नाही.

पाहुण्यांचा आणि लेसचा संबंध रेल्वेने जोडला. हॉनिटनला गाडी १८६० साली आली, सीटनला १८६८ साली, सिडमथला १८७४ साली. उन्हाळ्यात हवा पालटायला येणाऱ्या कुटुंबांना रुमालाची कड, गळपट्टी, छोटं फूल असा माल खपू लागला. दारात उशी घेऊन बसलेली म्हातारी हे किनाऱ्याचं एक प्रेक्षणीय दृश्य ठरलं, छापील पोस्टकार्डांवरही गेलं. विसाव्या शतकात एकेक म्हातारी गेली, तसा पोटापाण्याचा धंदाही गेला. सीटनची शाखा १९६६ साली आणि सिडमथची १९६७ साली बंद झाली. आज आगगाडीने येणारी पाहुणी हॉनिटनला उतरते आणि पुढे बस किंवा टॅक्सी पकडते.

निवासी सुट्टीचा साचा मात्र किनाऱ्यावर घडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात जमीनदारांची मोठी घरं पोसणं परवडेना. स्थानिक परिषदा आणि स्वयंसेवी संस्थांनी ती घेऊन तिथे प्रौढांसाठी दोन दिवसांचे, आठवड्याचे वर्ग सुरू केले. ग्रामीण महिला मंडळांच्या देशव्यापी संघटनेने १९४८ साली असंच एक महाविद्यालय काढलं. जॅम करण्यापासून लेसपर्यंत सगळं तिथे शिकवलं जाई, आणि घर-मुलं मागे ठेवून चार दिवस स्वतःसाठी राहण्याची अनेकींची ती पहिलीच वेळ होती. १९७०च्या दशकात हस्तकलांना पुन्हा दिवस आले. लेस विणणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९७६ साली स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय १९८२ साली. बॉबिन घडवणारे, बारीक सुती धागा मागवणारे, नमुने छापणारे असे छोटे व्यावसायिक उभे राहिले. तालुक्याच्या गावी आठवड्याच्या संध्याकाळच्या वर्गात वर्षभर शिकायचं आणि उन्हाळ्यात एकदा निवासी आठवड्याला जायचं, अशी घडी बसली.

ती घडी २००० नंतर विस्कटली. प्रौढ शिक्षणाचा सरकारी पैसा नोकरीला उपयोगी पडणाऱ्या वर्गांकडे वळला. लेस, कुंभारकाम, चित्रकला यांची गणना ‘फावल्या वेळात’ झाली, शुल्क वाढलं, वर्ग बंद पडले. जुन्या वाड्यांतली महाविद्यालयंही एकामागून एक विकली गेली. महिला मंडळांच्या संघटनेचं ते १९४८चं महाविद्यालय कोविडच्या वर्षात, २०२० साली, कायमचं बंद झालं. साप्ताहिक वर्ग गेल्यावर पूर्वी वर्षाची मेजवानी असलेला निवासी आठवडा अनेकींसाठी शिक्षिकेसमोर बसण्याची एकमेव संधी उरला. वाडे गेले म्हणून हॉटेलं आली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना ऑक्टोबर ते मार्च खोल्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. तेव्हा डझनभर खोल्या आणि एक उजेडाची बैठकीची खोली आठवडाभर घेणारा गट त्यांना हवाच असतो.

किनाऱ्याचं आकर्षणही याच काळात वाढलं. नैर्ऋत्य किनारवाट १९७८ साली सलग झाली, तिची लांबी ६३० मैल. एक्समथपासून पूर्वेकडचा ९५ मैलांचा किनारा २००१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. सिडमथला लाल कडे आणि बिअरला पांढरे, अंतर दहा-बारा मैलांच्या आत. लेस न शिकणाऱ्या नवऱ्याला दिवसभर पायी फिरता येतं, ही जाहिरातीतली ओळ विनोदी वाटली तरी जोडप्यांच्या आरक्षणाचं कारण तीच असते.

जाळीचा वाद या वर्गांतही पोचला आहे. काही शिक्षिका पानं-फुलं यंत्राच्या जाळीवर टाकायला पहिल्याच वर्षी शिकवतात. काही जणी तो विषय काढूच देत नाहीत, धाग्याच्या बारीक दांड्यांनी किंवा हाताने विणलेल्या जाळीदार भरणीनेच तुकडे जोडायला लावतात. दुसऱ्या पद्धतीत चार तुकड्यांची छोटी चौकट पुरी व्हायला दोन-तीन वर्षांच्या सुट्ट्या लागू शकतात. पुढच्या वर्षीचं आरक्षण आपोआप होतं, असा टोमणा पहिल्या बाजूच्या शिक्षिका मारतात.

ही उशी-बॉबिनची लेस आपल्या देशातही आहे. १८२०च्या सुमारास मिशनरी कुटुंबातल्या इंग्रज बाईने दक्षिणेत नागरकोइलला ती शिकवायला सुरुवात केली, आणि तिथे ती शंभराहून अधिक वर्षं मजुरीचं साधन राहिली. तिथला माल निर्यात झाला.

ब्रिटनने अमूर्त वारशाचा युनेस्को करार २०२४ साली स्वीकारला. क्रोएशियाची लेस २००९ साली आणि स्लोव्हेनियाची बॉबिन लेस २०१८ साली त्या करारान्वये यादीत गेलेली आहे. डेव्हनची लेस आता तशा यादीत जाऊ शकते. नाव हॉनिटनचं लावायचं की किनाऱ्यावरच्या गावांचंही घालायचं, आणि जाळी कोणती धरायची, हे दोन्ही प्रश्न अर्ज लिहिणाऱ्यांपुढे तेव्हा येतील.