श्रोणी व खुब्याचा सांधा

धड आणि पाय यांना जोडणारे हाडांचे कडे म्हणजे श्रोणी. दोन बाजूंची दोन नितंबास्थी, मागे त्रिकास्थी व त्याच्या टोकाशी माकडहाड अशी प्रौढपणी त्याची चार हाडे होतात. प्रत्येक नितंबास्थी मुळात श्रोणिफलक, आसनास्थी आणि जघनास्थी अशा तीन भागांचे असते. हे भाग खुब्याच्या वाटीत कुमारवयात एकजीव होतात.

सुश्रुतसंहितेत मात्र श्रोणीची पाच हाडे सांगितली आहेत : गुद, भग व नितंब यांत मिळून चार आणि त्रिकात एक. संहितेचा मूळ गाभा ख्रिस्तपूर्व काळातील असावा व आजचा पाठ पुढे काही शतके घडत गेला असावा, असे सामान्यतः मानतात. बालशरीरातील न जुळलेले भाग मोजल्याने संख्या वाढली म्हणावे, तर ती पाचावर थांबत नाही. पुढचा जघनभाग एक स्वतंत्र हाड धरला गेला, हे स्पष्टीकरण अधिक पटते. चरकसंहितेतही दोन श्रोणिफलके आणि एक भगास्थी अशीच विभागणी आहे. सुश्रुताने काख, जांघ व दात यांचे सांधे ‘उलूखल’ वर्गात घातले. दात फिरत नाहीत, तेव्हा उखळाची ही उपमा हालचालीपेक्षा बैठकीची असावी.

मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत बसतो. गुडघा दुमडलेला असेल तर मांडी सुमारे १२०° पर्यंत पोटाकडे येते, मागे जेमतेम १०° ते २०° जाते. पुढून आवळणारा बळकट अस्थिबंध तिला अडवतो. उकिडवे बसताना वाकणे, तर मांडी घालताना बाहेर वळणे अधिक लागते. एका पायावर उभे राहून पायजमा चढवताना टेकलेल्या बाजूचा मध्यम नितंबस्नायू श्रोणी सावरतो व त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. हा स्नायू दुबळा असल्यास उचललेल्या पायाकडची कंबर खचते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे लक्षण वर्णिले.

माथ्याचा रक्तपुरवठा मुख्यतः हाडाच्या मानेलगतच्या बारीक वाहिन्यांतून होतो. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण लक्षणीय आहे आणि त्यात रक्तवाहिन्या तुंबून माथा मृत होऊ शकतो व पुढे खचू शकतो. म्हणून नागपुरात तरुण रुग्णाने जांघ दुखत असल्याचे सांगितल्यास सिकलसेलची तपासणी अगत्याची ठरते. पुष्कळदा तो गुडघ्यावर हात ठेवून दुखणे दाखवतो. तेव्हाही खुबा तपासायला हवा, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. सुरुवातीची हानी साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.