वेदनेसोबत येणारा अशक्तपणा आणि मनातली हालचाल

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी आवळायला सांगितली, तर अनेकांना ती आवळताच येत नाही. स्नायू शाबूत असतो, त्याची नसही शाबूत असते. आज्ञाच पुरेशी पोचत नाही. १९६५ साली डीअँड्रेड, ग्रँट आणि डिक्सन यांनी गुडघ्याच्या सांध्यात द्रव भरला आणि सांधा ताणला जाताच मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो हे दाखवलं. पुढे १९८५ मध्ये सांध्यातली गादी (मेनिस्कस) काढलेल्या गुडघ्यांवर काम झालं, त्यात स्नायूला अडवणारी ही रोधक्रिया वेदनेच्या तीव्रतेशी जुळत नव्हती. दुखणं ओसरलं म्हणजे ताकद आपोआप परत येते, हा समज तिथेच मोडतो. तरीही तो रुग्णांना आजही ऐकावा लागतो, याचं वाईट वाटतं.

हालचाल फक्त मनात करून पाहण्याचा, म्हणजे कल्पनेचा धागा वेगळाच. एडमंड जेकबसन यांनी १९३०च्या सुमारास नोंदवलं होतं, की हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या स्नायूत सूक्ष्म विद्युत हालचाल उमटते. खरी कलाटणी १९९२ची. ग्वांग यू आणि केली कोल यांनी करंगळी बाहेर ढकलण्याचा सराव चार आठवडे करून घेतला. प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. फक्त मनात सराव करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी. स्नायू कामाला न लावता वाढलेली ही ताकद मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेतल्या बदलाचीच असणार, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१४ मध्ये ब्रायन क्लार्क यांच्या गटाने चार आठवडे मनगट जखडून ठेवलेल्या निरोगी माणसांना स्नायू जोरात आवळण्याची कल्पना करायला लावली, तेव्हा ताकदीची घट बरीच कमी झाली.

वेदनेच्या रुग्णांमध्ये मात्र ही वाट सरळ नव्हती. लॉरिमर मोझली यांनी २००४ मध्ये हाताच्या चिवट वेदनेसाठी आधी चित्रातला हात डावा की उजवा ते ओळखणं, मग हालचालीची कल्पना, मग आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहत हालचाल असा क्रम मांडला. २००८ मध्ये त्यांच्याच अभ्यासात हाताच्या जुनाट वेदनेत नुसत्या कल्पनेनेही दुखणं आणि सूज वाढलेली दिसली. म्हणून ही पद्धत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी, असं मला ठामपणे वाटतं.

गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) शस्त्रक्रियेनंतर १२ रुग्णांवर केलेल्या २०१२च्या फ्रेंच चाचणीत हे दोन धागे एकत्र आले. कल्पनेचा सराव केलेल्यांचा स्नायू अधिक जोमाने कामाला लागला. वेदना मात्र त्यामुळे कमी झाली नाही.